लिकर, लिक्युअर, बेगमी आणि ‘कोरडा शेक’

जेवणानंतर घ्यायच्या गोड कॉकटेल्सची एक वही मराठीत लिहायला घेतलीये, घरच्या घरी जमतील अशीच, व्हाइट रशियन, ब्रँडी अलेक्झांडर, एस्प्रेसो मार्टिनी वगैरे. वाटलं होतं दोन संध्याकाळींचं काम आहे, पण तिसऱ्याच ओळीला अडकलेय. बाटल्यांची नावं आहेत तशीच ठेवणार त्यात वाद नाही, पण बाकीच्या शब्दांचं काय करू?

आता लिकरच घ्या. व्होडका, रम, ब्रँडी ही सगळी लिकर आणि ती कॉफीची, संत्र्याची, कोकोची गोड दाट बाटली असते तीही लिकरच. इंग्रजीत निदान स्पेलिंग तरी वेगळं आहे, देवनागरीत आणलं की दोघी जुळ्या बहिणी. मागे धाकटीला ‘३० मिली लिकर, ३० मिली व्होडका, वरून क्रीम’ असं लिहून दिलं होतं, तर तिने लिकर म्हणून सरळ ब्रँडी ओतली आणि मग मला फोन, ताई हे गोड कधी होणार. तिची काय चूक, मीच तसं लिहिलं होतं.

दुसरं म्हणजे ‘शेक करा’, ‘मडल करा’ (म्हणजे ग्लासातच दांड्याने दाबून रस काढा), ‘ड्राय शेक द्या’ असं सारखं लिहून मलाच कंटाळा आलाय. आणि पहिल्या पानाला शीर्षक हवंय, वेल-स्टॉक्ड किचन या अर्थाचं, म्हणजे ज्या घरात ऐनवेळी काही आणायला पळावं लागत नाही ते. ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ लिहून पाहिलं पण ते फ्लॅटच्या जाहिरातीतलं वाटतं, ओटा आहे, चिमणी आहे, आणि डबे रिकामे. तुम्ही काय म्हणाल?

—

लिक्युअर लिहा, वाद मिटला. गोंधळ तसा जन्मजात आहे कारण दोन्ही शब्द लॅटिनमध्ये एकाच घरातले, पातळ असणं, पातळ होणं या अर्थाचे. पण आजच्या अर्थात फरक स्पष्ट आहे, लिक्युअर म्हणजे साखर हवीच. युरोपियन युनियनच्या नियमात थोडे अपवाद सोडले तर लिटरला किमान १०० ग्रॅम साखर असल्याशिवाय लिक्युअर हे नाव लावता येत नाही, आणि नावात ‘क्रेम द’ असेल तर २५० ग्रॅम.

आणि हा क्रेम म्हणजे अजून एक खड्डा बरं का. क्रेम द काकाओ (कोकोची लिक्युअर), क्रेम द मांत (पुदिन्याची) यात क्रीमचा थेंब नसतो, नुसत्या साखरेच्या दाटपणाला क्रेम म्हटलंय. आयरिश क्रीममध्ये मात्र खरंखुरं दुधाचं क्रीम. त्यामुळे वहीत कुठेही मोघम ‘क्रीम’ लिहू नका. ब्रँडी अलेक्झांडर म्हणजे ब्रँडी, क्रेम द काकाओ आणि क्रीम समसमान, त्यात वाचणारा म्हणेल क्रीम दोनदा का लिहिलंय, आणि एक गाळून टाकेल.

मराठीच हवं असेल तर ‘गोड अर्क’ कसं वाटतं?

—

अर्क नको हो. अर्क मूळ अरबी, त्याचा अर्थ घाम, भट्टीच्या भांड्याला वाफेचे थेंब धरतात त्यावरून ऊर्ध्वपातन करून काढलेल्या गोष्टीला तो शब्द आला. घरगुती लिक्युअर ही बहुतेक वेळा मुरवलेली असते, तयार व्होडकात कॉफी नाहीतर संत्र्याची साल टाकून ठेवायची, मग गाळून साखर घालायची. मुरवणे हे इतकं सुंदर क्रियापद आपल्याकडे असताना इन्फ्यूज कशाला. व्हॅनिलाला अर्क म्हटलं तर चालेल कारण बोलताना आपण कशाच्याही सत्त्वाला अर्क म्हणतोच (शिवाय व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणून जे विकतात त्यात अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे किमान ३५ टक्के अल्कोहोल असतं, केक करणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं). बाकी नुसतं अर्क म्हटलं की मला तर ओळखीतला एक इसमच डोळ्यापुढे येतो.

—

‘ड्राय शेक’ चं कृपा करून शब्दशः काही करू नका. कोरडा शेक म्हणजे माझ्यासाठी कंबर धरली की फडक्यात गरम मीठ बांधून देतात तो. आणि ‘मिश्रण शेकून घ्या’ असं वाचलं तर मी तवाच शोधेन.

अर्थ सांगायचा तर अंड्याचा पांढरा भाग असलेलं कॉकटेल आधी बर्फाशिवाय हलवतात, म्हणजे फेस चांगला धरतो, मग बर्फ घालून परत हलवतात. यात ‘आधी बर्फ न घालता फेसा’ इतकं पुरेसं आहे की. मराठीत हाताच्या कामाची क्रियापदं इतकी आहेत की शेक, स्टर, मडल, व्हिप हे चार शब्द म्हणजे आपल्याला गरिबीच वाटावी. ढवळणे, घोटणे, फेटणे, फेसणे, घुसळणे, खलणे, चेचणे, ठेचणे, कुटणे, चुरणे, चुरगळणे. मडल या एका शब्दात आल्याचा तुकडा पण येतो आणि पुदिन्याचं पान पण, मराठीत आलं ठेचायचं आणि पुदिना फक्त चुरगळायचा, कारण पुदिना ठेचला की कडवटपणा उतरतो. म्हणजे क्रियापदातच निम्मी कृती आली, वेगळी टीप लिहायला नको.

—

यादी आवडली पण ‘घुसळणे’ शेकसाठी वापरायच्या आधी विचार करा. घुसळण्याचं ध्येय लोणी आहे. आणि क्रीम असलेलं कॉकटेल खरंच वाजवीपेक्षा जास्त वेळ हलवलं तर क्रीम घट्ट व्हायला लागतं, त्याच्या पुढची पायरी तीच. मी ‘खळाखळा हलवा’ लिहीन. बर्फाचा आवाज पण आला त्यात.

स्टरला ढवळणे, इथे वाद नाही. नियम साधा आहे, क्रीम, अंडं, फळाचा रस असेल तर हलवायचं, नुसत्या पारदर्शक बाटल्या असतील तर ढवळायचं, हलवलं तर आत हवा शिरून गढूळ दिसतं.

आणि हो, हलवताना बर्फाचं पाणी सुटतं, मिश्रणाच्या पाव पट किंवा थोडं जास्तच, ते हवंच असतं. डायल्यूशनला ‘पाणचट होणे’ लिहिलेलं कुठेतरी वाचलंय, ते चूक, पाणचट ही शिवी आहे. ‘सौम्य होणे’ म्हणा.

—

माझी एक जुनी तक्रार मांडून घेते. वितळणे आणि विरघळणे. हल्ली सर्रास ‘साखर वितळेपर्यंत ढवळा’ लिहितात. चॉकलेट वितळतं, बर्फ वितळतो, त्याला उष्णता लागते. साखर पाण्यात विरघळते, तिला पाणी लागतं. आणि कॉकटेलमध्ये हा फरक नुसता शुद्धलेखनाचा नाहीये, थंड दारूत साखर नीट विरघळतच नाही, तळाशी वाळूसारखी बसते, म्हणून तर सिरप करून ठेवतात. तसंच गोठणे आणि थिजणे. पाणी गोठतं, लोणी थिजतं. गरम चॉकलेटमध्ये थंडगार क्रीम ओतलं की बारीक कण दिसतात ते थिजलेलं असतं, गोठलेलं नाही. व्होडका घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, दाट होते फक्त, ४० टक्केवाली साधारण उणे २७ अंशांला गोठते आणि घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास.

—

सिरपला पाक म्हणायचं का मग?

—

पाक म्हटलं की माणूस तार बघत बसेल. बारमधलं साधं सिरप म्हणजे साखर आणि पाणी समसमान, विरघळेपर्यंत गरम केलं की झालं, एकतारीच्या पण बरंच अलीकडे थांबायचं. दाट हवं तर दोन भाग साखर, एक भाग पाणी. फ्रीजमध्ये समसमानवालं तीनेक आठवडे राहतं, दाट त्याहून जास्त. सिरपच राहू द्या, तो काही अगदी परका शब्द नाही, अरबीत पिणे या अर्थाचा जो धातू आहे त्यातून सिरप, सरबत, शराब तिन्ही निघालेत. पाश्चात्त्यांचं सॉर्बेपण तिकडचंच. म्हणजे सिरप घालून केलेल्या कॉकटेलच्या शेजारी सरबताचा ग्लास ठेवला तर घरातलीच भावंडं आहेत ती.

दारूचंही गंमतशीर आहे, फारसीत दारू म्हणजे औषध. आणि अल्कोहोल अरबी अल्-कुह्ल वरून, तो तर सुरमा. डोळ्यात घालायची बारीक पूड, मग कुठलंही बारीक केलेलं सत्त्व, मग दारूचं सत्त्व असा प्रवास.

—

विषयांतर होतंय पण कॉकटेल या शब्दाची पहिली छापील व्याख्या १८०६ सालची आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात. दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (कडू मुळ्या-साली मुरवलेली, थेंबाथेंबाने घालायची दारू), बस. म्हणजे त्या व्याख्येने ब्रँडी अलेक्झांडर कॉकटेल ठरतच नाही, बिटर्स कुठेत? शब्द पसरट होत जातात ते हे असं.

—

क्रीममध्ये लिंबू गेलं की जे होतं त्याला काय म्हणता? आमच्या घरी दोन मतं आहेत, नवरा म्हणतो फाटलं, मी म्हणते नासलं.

—

नासलं म्हणजे टाकून द्यायचं, फुटलं किंवा फाटलं म्हणजे वेगळं झालं, अजून वाईट झालेलं नाही. मी तरी असा फरक करतो. आयरिश क्रीममध्ये लिंबाचा रस पडला की लगेच गुठळ्या होतात, ते फुटलेलं असतं, विषारी नसतं, पण तोंडात घ्यावंसं वाटत नाही हे खरं. बाटली वर्षानुवर्षं उघडी राहिली आणि आंबट वास यायला लागला तर ते नासलं.

—

शीर्षकाचं कुणी बोलतच नाहीये. ‘साठा’ नको, त्याच्या मागोमाग साठेबाजी येते. ‘साठवण’ बरा आहे पण त्यात कपाटाचा विचार आहे, माणसाचा नाही. शब्द आहे ‘बेगमी’. बे-गम, गम नाही ती. आपण वापरतो तेव्हा सामानाचा साठा असा अर्थ घेतो, पण मुळात सामानाचं नाव नाहीच ते, सामान भरून ठेवल्यावर जी निर्धास्ती येते तिचं नाव आहे. तुम्ही लिहिलंय ना ‘ऐनवेळी पळावं लागत नाही’, त्याला याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही. स्टॉकमध्ये वस्तू मोजल्या जातात, बेगमीत झोप मोजली जाते.

—

बेगमीवर मी फिदा! म्हणजे पहिल्या पानावर ‘बेगमी’, दुसरं काही नाही. आणि तो अर्थ धरला तर यादीपण वेगळी होते असं आता लक्षात येतंय, मी आधी १४ बाटल्या लिहिल्या होत्या, पण १४ बाटल्या आणि घरात जायफळ नाही तर ती बेगमी कसली. आता तीन लिक्युअर ठेवल्यात, कॉफी, कोको, आयरिश क्रीम, आणि दोन साध्या, व्होडका आणि ब्रँडी. बाकी सगळं स्वयंपाकघरातलंच, कोको पावडर, डार्क चॉकलेट, व्हॅनिला, अख्खं जायफळ किसायला, दालचिनी, मीठ (चिमूटभर मिठाने चॉकलेटचा कडवटपणा बोचत नाही), सिरपची बाटली, आणि बर्फ, जो हमखास कमी पडतो. क्रीम तेवढं आयत्या वेळी, त्याची बेगमी होत नाही.

एक कृती नव्या भाषेत लिहून बघितलीये, सांगा.

‘एस्प्रेसो मार्टिनी. व्होडका ५० मिली, कॉफी लिक्युअर ३० मिली, सिरप १० मिली, ताजी एस्प्रेसो एक. भरपूर बर्फावर ओता आणि हात दुखेपर्यंत खळाखळा हलवा, फेस कॉफीचाच येतो, क्रीम घालायचं नाही. थंड ग्लासात ओता. वर कॉफीच्या तीन बिया.’

ही १९८० च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने बसवली. ‘बसवली’ चालेल ना? गाणं बसवतात तसं.

—

बसवली मस्त. पण ‘ओता’ च्या जागी ‘गाळून ओता’ लिहा, नाहीतर धाकटी बर्फासकट ओतेल आणि परत फोन येईल. आणि ग्लासच्या कडेला कोको लावायचा असेल तर ‘लावा’ नाही, कड ओली करून कोकोत ‘टेकवा’. वरून भुरभुरवायचं ते जायफळ, ते ब्रँडी अलेक्झांडरवर.

—

मार्टिनी ‘ती’ आणि कॉकटेल ‘ते’, हे कसं ठरलं कुणास ठाऊक. आमच्याकडे सिरप पण एक जण ‘तो’ म्हणतो.