मदत हवी आहे : जिनिंगच्या हंगामात जेवणाच्या वेळा कशा बसवाव्यात?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात राहतो. माझे यजमान एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर कारकून आहेत आणि मी घरचे चार एकर वावर सांभाळते. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्हा दोघांच्याही जेवणाचे वेळापत्रक पार कोलमडते. आजवर आम्ही ते हंगामाचे दुखणे म्हणून सोसले, परंतु यंदा दोघांचेही रक्ताचे अहवाल पाहिल्यावर आता सोसून चालणार नाही असे वाटले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

यजमानांचे वय 43 आहे. त्यांची उपाशीपोटीची साखर 112 आणि एचबीए1सी (रक्तातील सरासरी साखरेची तपासणी) 6.1 आली. हा मधुमेह नसून त्याच्या आधीची पायरी आहे, कारण 5.7 ते 6.4 हा टप्पा तसा मानतात, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. औषध दिले नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आणि वेळेवर जेवत जा म्हणाले. सल्ला योग्यच आहे, पण वेळ आमच्या हातात नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

काट्यावरचे काम मध्येच थांबवता येत नाही. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, कापूस खाली झाला की तीच गाडी रिकामी पुन्हा तोलायची आणि दोन्ही वजनांच्या फरकावर शेतकऱ्याची पावती करायची, असा तो क्रम असतो. रात्रभर थंडीत गाडीवर झोपून आलेला शेतकरी समोर रांगेत उभा असताना डबा उघडून बसणे त्यांना जमत नाही, आणि त्यांनी तसे करावे असे मलाही वाटत नाही. त्यामुळे सकाळी आठला पोहे-चहा घेऊन निघालेला माणूस दुपारचा डबा चार-साडेचारला खातो. मधल्या वेळात पाच-सहा कप चहा आणि एखादा आलुबोंडा होतो. रात्री साडेनऊ-दहाला घरी आले की भूक अनावर झालेली असते, मग भरपेट भाकरी-भाजी आणि वर वरण-भात खाऊन लगेच झोप. पहाटे छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात आणि सकाळी खायची इच्छाच राहत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या आहाराला सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे, असे वाचल्यावर मी आठ दिवस घरी तोलून पाहिले. यजमानांच्या रात्रीच्या दोन भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ लागते आणि भाताला कच्चे तांदूळ शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसभराचे धान्य त्या एकाच जेवणात संपते. चौघांच्या वरणाला मात्र मी जेमतेम शंभर ग्रॅम तूरडाळ लावत होते. चहाचा हिशेब तर मला फारच लागला. कपाला दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर धरली तरी सहा कपांत साठ ग्रॅम होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे दिवसाला वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत, शक्यतो 25 ग्रॅमपर्यंतच असावी. तेव्हा प्रश्न नुसता वेळेचा नाही, हेही मला मान्य आहे.

आतापर्यंत जे करून पाहिले ते सांगते. फुटाणे आणि शेंगदाणे खिशात दिले, पण हात दिवसभर धुळीने आणि रुईच्या तंतूंनी माखलेले असल्यामुळे ते तसेच परत आले. त्याऐवजी उकडलेले हरभरे, कांदा, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू असे लहान डब्यात चमच्यासह दिले, तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये उभ्याने का होईना, ते खाल्ले गेले. सध्या ओल्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून देते, त्याही संपतात. ज्वारीची भाकरी मात्र चार वाजेपर्यंत कडक होते, म्हणून डब्यात पोळी आणि घट्ट बेसन (पिठले) देऊ लागले. ताक जानेवारीत चालते, पण ऊन तापू लागले की दुपारपर्यंत फार आंबते.

सर्वांत जास्त गुण आला तो संध्याकाळच्या डब्याचा. शेजारचा मुलगा त्या बाजूने जात असे, त्याच्यासोबत मी सातच्या सुमारास एक भाकरी, भाजी आणि घट्ट वरण पाठवत होते. त्या आठवड्यात यजमान घरी येऊन थोडे वरणच पीत आणि पहाटेची जळजळ जवळजवळ थांबली होती. आता त्या मुलाचे जाणे बंद झाले. शिवाय घरी येऊन ताटावर बसले नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही, असे यजमान म्हणतात. दिवसभरात लेकीशी बोलायला त्यांना तेवढीच वेळ मिळते, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला माझेही मन होत नाही.

आता माझ्याविषयी. माझे हिमोग्लोबिन 9.4 आहे. वेचणीच्या दिवसांत मी चहा पिऊन वावरात जाते, अकराच्या सुमारास धुऱ्यावर (बांधावर) बसून बायांसोबत भाकर खाते आणि रात्री यजमान आल्याशिवाय जेवत नाही. लोहाची गोळी मी इतके दिवस सकाळच्या चहाबरोबर घेत होते. चहामुळे लोह अंगी लागत नाही, चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे, हे मला अलीकडे कळले. सासूबाई आणि लेक सातलाच जेवतात. सासूबाई मला त्यांच्यासोबत बसायला सांगतात, पण सवय मोडताना मलाच जड जाते. इथल्या बहिणींनी हे कसे जमवले ते अवश्य लिहावे.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की दुपारचे जेवण वेळेवर होणारच नसेल, तर सकाळी आठलाच पोह्यांऐवजी भाकरी, वरण आणि पालेभाजी असे पूर्ण जेवण देऊन दुपारी कडधान्याचा लहान डबा ठेवणे बरे, की खाणे चार ठिकाणी थोडे थोडे विभागणे बरे? एका नातेवाइकांनी सोळा तास उपाशी राहण्याचा प्रयोग सुचवला आहे, पण ज्यांना आधीच आम्लपित्ताचा त्रास आहे आणि जे सकाळपासून उभ्याने काम करतात त्यांनी न्याहारी सोडावी का, याविषयी मला शंका वाटते. रात्री दहालाच जेवणे भाग असेल तर भात पूर्ण बंद करावा, की अर्धी वाटी ठेवून वरण आणि भाजी वाढवावी? एसटीत, कारखान्यात किंवा दवाखान्यात पाळीने काम करणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला तर तो मला जास्त उपयोगी पडेल, कारण त्यांच्याही वेळा त्यांच्या हातात नसतात.

पुढची तपासणी फेब्रुवारीअखेर आहे. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे जो बदल करायचा तो याच आठवड्यात सुरू करावा लागेल. संध्याकाळचा डबा सकाळीच सोबत द्यायचा झाल्यास वरण सात वाजेपर्यंत गरम राहील आणि खराब होणार नाही असे कोणते भांडे घ्यावे, हेही कोणी वापरून पाहिले असेल तर कृपया कळवावे.