'लॉबिंग'ला मराठीत काय म्हणाल? फिल्डिंग, वकिली की आणखी काही?

सांगलीहून, प्रश्न
आमच्या वाचनालयात २००८ च्या अमेरिकी बँकांच्या पडझडीवर बोलायचं आहे. ऐकणारे बहुतेक निवृत्त: कुणी साखर कारखान्यातले, कुणी मार्केट यार्डातले, काही माझ्यासारखे बँकेतले. लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीत अडलो. 'लॉबिंग'ला, म्हणजे कायदे आपल्या सोयीचे व्हावेत म्हणून सत्तेतल्यांकडं पद्धतशीर वजन वापरण्याला, काय लिहू? 'दबावगट' म्हणजे माणसं झाली, मला क्रिया हवी आहे. आणि कंपन्या पक्षांना पैसे देतात त्याला 'देणगी' लिहायला हात धजत नाही. देणगी आपण देवळाला देतो, पावती घेतो, फरशीवर नाव कोरलं की विषय संपतो.

मिरज
काका, 'फिल्डिंग लावणे' लिहा की. सगळ्यांना कळतंय.

सांगली
कळतंय, पण चुकीचं कळतंय. फिल्डिंग लावतात ती बदलीसाठी, तिकिटासाठी, पोराच्या ॲडमिशनसाठी. नियम जागेवरच राहतो, आपल्यापुरता वाकवून घ्यायचा. वशिल्याचंही तेच. वॉल स्ट्रीटनं, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या बँकांनी, नियमच बदलून घेतला. १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्यानं ठेवी घेणाऱ्या बँका आणि शेअर-रोख्यांचा धंदा करणाऱ्या बँका यांच्यात भिंत घातली होती. तिला भोकं पडत गेली, तरी एप्रिल १९९८ मध्ये सिटिकॉर्प (बँकवाली) आणि ट्रॅव्हलर्स (विमा आणि शेअरवाली) यांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं तेव्हा ती उभी होती. ती पाडणारा कायदा झाला नोव्हेंबर १९९९ मध्ये. लग्न आधी लावलं, मुहूर्त मागून काढून घेतला! वर २००० साली आणखी एक कायदा. आमच्या हळदवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाजाराबाहेर, आपापसात होणारे वायदे देखरेखीतून मोकळे. याला फिल्डिंग म्हटलं तर लोक हसतील आणि सोडून देतील.

कराड
'लॉबिंग' तसंच ठेवायला माझी हरकत आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत लॉबी म्हटलं की पुढं साखर आलीच, आणि साखर म्हटली की चेहरे आले. शिवाय कारखान्याचा चेअरमन आणि आमदार बरेचदा एकच. त्यानं लॉबिंग करायचं कुणाकडं, आरशाकडं?

सातारा
'वकिली' का नको? जुन्या मराठीत वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, एका दरबारानं दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढं, पार्लमेंटच्या सभासदांपुढं अर्ज, भाषणं, छापील पत्रकं. १८५३ मध्ये परतले ते रिकाम्या हातांनी. मधल्या काळात महाराज गेले, १८४८ मध्ये राज्यही खालसा झालं. लॉबिंग हेच की.

सांगली
उदाहरण घेतो, शब्द नाही. रंगो बापूजींच्या मागं न्याय होता, पैसा नव्हता. इथं उलट आहे.

वाई
मग 'दरबारखर्च' घ्या. पेशवाईच्या हिशेबांतला शब्द आहे. मामलतदार हुजुरातल्या, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या, कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना जे चारत असे, तो दरबारखर्च. त्यालाच 'अंतस्थ'ही म्हणत. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरच्या १८१९ च्या अहवालात याची गंमत लिहून ठेवली आहे. आधी ही रक्कम चोरून जायची. हळूहळू ती रूढ झाली, हिशेबात रीतसर दिसायला लागली, तपासून मंजूर व्हायला लागली. पण लाच ती लाच, चोरून द्यावीच लागते. म्हणून तिच्यावर नवी अंतस्थ रक्कम! आणि दोन्ही वसूल रयतेकडून.

सांगली
वाईकर, जिंकलात. अमेरिकेतही लॉबिंग चोरून नाही, १९९५ च्या कायद्यानं त्याची नोंद करावी लागते. संकटाची चौकशी करणाऱ्या आयोगानं २०११ मध्ये आकडा दिला: १९९९ ते २००८ या काळात वित्तक्षेत्राचा नोंदवलेला लॉबिंग खर्च २.७ अब्ज डॉलर. निवडणुकीतल्या देणग्या १ अब्जाहून जास्त, त्या वेगळ्या. म्हणजे वहीत आलेला दरबारखर्च. आणि ऑक्टोबर २००८ मध्ये बँका सावरायला ७०० अब्ज डॉलरची तरतूद झाली ती रयतेच्याच खिशातून. त्यातलं बरंचसं नंतर परत आलं, हेही सांगेन, नाहीतर सभेत कुणीतरी उठतंच.

मिरज
पण काका, पैसे चारले म्हणून बँका बुडाल्या असं थेट म्हणणार का? घरांच्या किमती फुगल्या होत्या, व्याज स्वस्त होतं.

सांगली
थेट नाही. 'कारण' लिहिणार नाही, 'हातभार' लिहीन. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये पाहिलं की ज्या गृहकर्जदार संस्था जास्त लॉबिंग करत होत्या, त्याच संस्था कर्जदाराच्या उत्पन्नाच्या मानानं मोठी कर्जं देत होत्या.

कराड
'गृहकर्जदार संस्था' नको, कर्जदार म्हणजे घेणारा. 'गृहकर्ज देणाऱ्या' लिहा. बँकेत होतात ना?

सांगली
होतो! दुरुस्त करतो. (एका बँकेत माझ्याही ठेवी अडकल्या होत्या; तेव्हापासून दोन्ही बाजूंचा गोंधळ होतो.)

सातारा
जाता जाता, 'निवडणूक रोखे' हाही शब्द घ्या. रोखा म्हणजे देणं कबूल केल्याचा कागद, त्यावर व्याज असतं, मुदतीला परतफेड असते. पक्षांना पैसे देण्यासाठी २०१८ पासून स्टेट बँकेत मिळणाऱ्या त्या कागदावर ना व्याज, ना देणाऱ्याचं नाव. पक्षांना पैसे देताना सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जी मर्यादा कंपन्यांना होती, ती २०१७ मध्येच काढली होती. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला रोखेही आणि मर्यादा काढणंही, दोन्ही रद्द केलं. परतफेड कुणी, कशात करायची होती, ते शब्दात कुठंच नाही.

सांगली
हे शेवटच्या पानावर घेतो. शीर्षक ठरलं: 'दरबार खर्च आणि बँकांची पडझड'.

वाई
दरबारखर्च. जोडून.