अनुभव धागा : फिरतीवरच्या सिस्टरांनो, लिहा

वॉर्डातल्या नर्सेसबद्दल कधीमधी लिहून येतं. फिरतीवरच्या नर्सेसबद्दल मात्र काही वाचायला मिळत नाही, आणि आपल्या गोव्यात त्या पुष्कळ आहेत. लसींचा डबा खांद्याला लावून डोंगर चढणारी आरोग्य सेविका, घरोघरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून आज बार्देश तालुक्यात तर पुढच्या महिन्यात सासष्टीत राहायला जाणारी, पेशंटला घेऊन विमानाने जाणारी, सावंतवाडी-बांद्याहून येऊन-जाऊन ड्युटी करणारी, अशा सगळ्यांनी लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

मी फोंड्याची. आधी बरीच वर्षं वॉर्ड, आता घरोघरच्या केसेस. कशा गेलात, कुठे राहिलात, हाताशी काय होतं, परतलात कशा, ते लिहा. पेशंटची, घरांची, हॉस्पिटलांची नावं नकोत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नर्सचं येणंजाणं, झोप आणि जेवण हा पेशंटच्या उपचाराचाच भाग आहे. रात्रभर जागून, दोन बस बदलून आलेल्या बाईला सकाळी इन्सुलिनचे युनिट मोजायचे असतात. घरच्यांनी, ब्युरोवाल्यांनी, हॉस्पिटलवाल्यांनी याचा विचार केला पाहिजे आणि आपणही तो मागून घेतला पाहिजे.

सत्तरीतून, आरोग्य सेविका

वाळपईहून निघायचं, बस जाते तिथवर बसने, पुढे कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आणि शेवटचा चढ पायी. खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, म्हणजे लसींचा थंड डबा. त्यात चार आईस पॅक असतात, पण ते फ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नसतात. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायचे, नाहीतर पेंटाव्हॅलंट, म्हणजे बाळांची पाच रोगांवरची लस, गोठते, आणि एकदा गोठली की बाद. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, वर ऊन कितीही असो. त्यामुळे सकाळची घाई असली तरी या कामाला मी वेळ देतेच.

गोवर-रुबेलाच्या एका कुपीत अनेक डोस असतात. ती एकदा पातळ केली की चार तासांत वापरायची, उरलं ते टाकायचं. एकच बाळ आलं असेल तरीही कुपी फोडायची, असा नियम आहे, आणि तो अगदी योग्य आहे. धनगरवाड्यावरून एक आई दिवसाची मजुरी बुडवून बाळाला कडेवर घेऊन उतरते. तिला ‘पुढच्या महिन्यात ये’ म्हणून परत पाठवलं तर ती पुन्हा येईलच असं नाही.

माकडतापाची वर्षं मला विसरता येत नाहीत. सत्तरीत २०१५ला तो सुरू झाला. गोचिडीतून पसरणारा ताप, साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. माणसं पहाटेच बागेत गेलेली असायची, घरोघर फिरून कुणी भेटायचं नाही. मग आम्ही काजूची बोंडं मळायच्या वेळी दारूच्या भट्टीवर जायला लागलो. तिथे सगळे एकत्र सापडायचे. गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं डेपा तेल वाटायचं, कसं लावायचं ते दाखवायचं, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा म्हणून सांगायचं. तेव्हा लसही द्यायचो, महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि नंतर बूस्टर. ती सुई फार दुखायची. पहिला डोस घेतलेला माणूस दुसऱ्याला तोंड चुकवायचा, आणि त्याला शोधत पुन्हा बागेत जावं लागायचं. कुणी ओरडायचे, पण बहुतेक घरांत ‘बाये, पयली जेव, मागीर वच’ (आधी जेव, मग जा) असं म्हणून ताट पुढे करायचे. त्या जेवणावर मी पुढची वाट चालले आहे.

दोडामार्गहून, सध्या सासष्टीत

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. ब्युरोकडून चोवीस तासांच्या केसेस करते. सासष्टीत मोठमोठी घरं आहेत, पुढे बलकांव म्हणजे बसायचा ओटा, आत सात-आठ खोल्या, आणि राहणारं माणूस एकच. मुलं लंडनला, लिस्बनला, कॅनडात. पैसे वेळेवर येतात, फोन रोज येतो, पण आईला कुशीवर वळवायला हात लागतात आणि ते आमचे असतात.

सध्याची माझी पेशंट पक्षाघाताची आहे, वय ऐंशीच्या पुढे. दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण माकडहाड, टाचा आणि कंबरेची बाजू इथे दाब राहिला की आधी कातडी लाल होते आणि मग फाटते. बोट दाबून बघायचं. लाली गेली नाही तर जखमेची सुरुवात झाली असं समजायचं. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं वर, भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास वरच. नळी जागेवर आहे का ते प्रत्येक वेळी तपासायचं. वॉर्डात हे सगळं तीन पाळ्यांत वाटलेलं असतं. इथे रात्री दोनलाही मीच आणि चारलाही मीच.

म्हणून धागा काढणाऱ्या ताईंचं म्हणणं मला मनापासून पटलं. चोवीस तासांची केस म्हणजे चोवीस तास जागं राहणं, असं बरीच घरं धरून चालतात. मी आता पहिल्याच दिवशी बोलून घेते. दुपारचे तीन तास माझे, तेव्हा शेजारची किंवा कामाची बाई खोलीत बसेल. स्वयंपाक पेशंटचा करीन, घराचा नाही. आठवड्याची सुट्टी कधी आणि बदली कोण येणार, ते ब्युरोने आधी कळवायचं. पूर्वीच्या एका घरी हे काही ठरलं नव्हतं, तेव्हा पाहुण्यांची भांडीसुद्धा माझ्याकडेच यायची. तिथून मी केस सोडून आले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

एक वही ठेवते. वेळ, बीपी, साखर, लघवी किती, कूस कुठली, कुठलं औषध दिलं. बदली सिस्टर आली की वही तिच्या हातात. मुलगा परदेशातून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा वही कॅमेऱ्यासमोर धरते. त्याने एकदा त्यातूनच ओळखलं की लघवी तीन दिवस कमी होत चालली आहे, आणि आम्ही वेळेत डॉक्टरांना बोलावलं.

संध्याकाळी तेर्स असतो, म्हणजे ख्रिस्ती घरातली जपमाळेची प्रार्थना. मी हिंदू, पण खुर्ची ओढून मीही बसते. बाईंना बोलता येत नाही, तरी त्यांच्या डाव्या हातात जपमाळ धरून ठेवली की बोटं मणी सरकवत राहतात. फिजिओथेरपिस्टला मी हे सांगितलं, त्यांनी तोच व्यायामात घेतला.

दाबोळी-मोपा विमानतळांवरून, मेडिकल एस्कॉर्ट (पेशंटसोबत प्रवास करणारी नर्स)

ऑक्टोबर ते मार्च पर्यटकांचा हंगाम असतो, आणि आमचाही. कुणाचा बाईक अपघात, कुणाला हार्ट अटॅक. उपचार झाले की माणूस घरी न्यायचा असतो. विमानाला आधी मेडिफ फॉर्म लागतो, डॉक्टरांनी भरलेला, आणि एअरलाइनची परवानगी. आपला ऑक्सिजन सिलेंडर आत नेता येत नाही. एअरलाइनने मान्य केलेलं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) किंवा त्यांचीच सोय. स्ट्रेचरसाठी खुर्च्यांच्या रांगा पाडाव्या लागतात, त्यामुळे त्या सगळ्या सीटचे पैसे पडतात.

विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा असतो. जमिनीवर ज्याचं ऑक्सिजन ९४ टक्के आहे त्याचं विमान वर गेलं की आणखी घसरतं. अंगात कुठे हवा अडकलेली असेल तर ती फुगते. म्हणून ताजं प्लास्टर उभं चिरून घ्यायचं, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना परत विचारायचं, श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाब विमान वर चढल्यावर तपासायचा. शिकताना हे कुणी शिकवलं नव्हतं. सोबतच्या ज्येष्ठ सिस्टरने विमानतळावरच्या बाकावर बसून समजावलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

रस्त्याच्या केसेस वेगळ्या. चोर्ल्यातून बेळगावला जायचं तर मी आधी सिलेंडर बघते. भरलेल्या बी टाईपमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटर चालला तर पाच तास, १० चालला तर अडीच. घाटात ट्रक आडवा पडला की दोन तास कुठेच जात नाहीत, पावसाळ्यात तर धुक्याने पुढचं दिसत नाही. म्हणून लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन असल्याशिवाय मी गाडीत चढत नाही. यावरून एकदा वाद झाला होता, मी उतरून उभी राहिले, मग दुसरा सिलेंडर आला.

परतीचं मात्र अजून दुखतं. पेशंट पोचला, कागदांवर सह्या झाल्या की सगळे त्याच्याभोवती. परक्या शहरात रात्री अकराला बॅग घेऊन रिसेप्शनपाशी उभी असते ती नर्स. आता मी परतीचं तिकीट आणि रात्रीची खोली ठरल्याशिवाय केस घेत नाही.

बांद्याहून

थोडंच लिहिते. पत्रादेवी ओलांडून म्हापशाला रोज येते, नाईट संपली की बसमध्ये झोप. एरवी सीमा जाणवत नाही, आमच्याकडची माणसं उपचाराला गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटललाच जातात. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मात्र घर तासाभरावर असून जाता येईना. आम्ही काहीजणी एका खोलीत राहिलो, लहान मुलं फोनवरून ‘कधी येतेस’ विचारायची. खालच्या घरातल्या काकू रोज पेज आणि लोणचं आणून दारात ठेवायच्या. त्यांना माझा नमस्कार.

मूळची म्हापशाची, अमेरिकेतून

मी तिकडे आधी एका हॉस्पिटलच्या स्पॉन्सरशिपवर गेले. एनक्लेक्स ही तिकडच्या परवान्याची परीक्षा, ग्रीन कार्ड, त्या नोकरीची मुदत, हे सगळं झाल्यावर ट्रॅव्हल नर्स झाले. करार बहुधा १३ आठवड्यांचा. नव्या वॉर्डात ओळख करून घ्यायला एखादा दिवस मिळतो, आणि माणसं कमी असलेल्या दुसऱ्या वॉर्डात पाठवायचं झालं की बऱ्याच ठिकाणी पहिली पाळी ट्रॅव्हलरची. मी गेल्या गेल्या तीन गोष्टी बघते. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी) कुठे, औषधांचं कपाट कसं उघडतं, आणि रात्री अडलं तर फोन कुणाला करायचा.

परवान्याचं तिकडे सोपं झालं आहे. नर्सच्या परवान्यासाठी राज्यांनी आपसात केलेला करार म्हणजे कॉम्पॅक्ट, त्यात चाळीसहून अधिक राज्यं आहेत, त्यातल्या एका राज्याचा मल्टिस्टेट परवाना बाकीच्यांत चालतो. राहण्याचा भत्ता करमुक्त हवा असेल तर आपलं कायमचं घर दुसरीकडे आहे आणि त्याचा खर्च आपण करतो, हे दाखवावं लागतं. हमीचे तास किती, शिफ्ट रद्द झाली तर पैसे मिळणार की नाही, सगळं करारात लिहिलेलं असतं. एकटेपणा तिकडेही आहे. चतुर्थीला मी एका भाड्याच्या खोलीत नेवऱ्या केल्या आणि वॉर्डात नेल्या. पण आपल्या ब्युरोच्या मुलींना असा लिहिलेला एक कागद मिळाला पाहिजे, असं मला फार वाटतं.

कुडाळहून, प्रश्न

माझं जीएनएम यंदा पूर्ण झालं. गोव्यात ब्युरोकडून काम घ्यायचं आहे. घरचे घाबरताहेत. मी काय विचारून घेऊ?

उत्तर, धागा काढणारीकडून

बाळ, आधी नोंदणी. महाराष्ट्राची असेल तर गोव्यात काम करण्यासाठी इथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी कशी करायची ते विचार. वर ताईंनी सांगितला तसा कॉम्पॅक्ट आपल्याकडे नाही. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स दे. पेशंटचा आजार, वजन, नळ्या किती, घरात आणखी कोण राहतं, झोपायची खोली कुठली आणि तिला आतून कडी आहे का, हे जायच्या आधी फोनवर विचार. ब्युरो किती कापणार, पगार कुठल्या तारखेला, आणि मध्येच केस बंद झाली, पेशंट गेला तर त्या महिन्याचे पैसे कसे, ते लिहून घे. तोंडी सांगितलं असेल तर मेसेज करून ‘असं ठरलं आहे’ म्हणून पाठव आणि उत्तर जपून ठेव. घराचा पत्ता आणि लोकेशन आईला पाठव. बस किती वाजता संपते ते आधी बघ, इथल्या आतल्या गावांत संध्याकाळनंतर बस मिळणं कठीण होतं.

घरच्यांना माझा नंबर हवा असेल तर निरोप पाठव, मी त्यांच्याशी बोलेन. आणि पहिली केस कुठल्या तालुक्यात लागली ते इथे कळव. जवळपास आपल्यातली कुणी असेल तर पहिल्या दिवशी तुझ्यासोबत येईल.