मदत हवी आहे: जिओकॅशिंगचे बिंदू भलत्याच जागी पडताहेत, शनिवारी निघायचंय

पाचोळा
शनिवारी, भर जानेवारीत, आम्ही सहाजण टिटिसेला निघतोय, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये. दोन रात्री मुक्काम, रविवारचा अख्खा दिवस जिओकॅशिंगला, म्हणजे लोकांनी लपवलेले डबे जीपीएसच्या बिंदूंवरून शोधायच्या खेळाला. अकरा डबे निवडले, नकाशावर टाकले तर एक थेट तळ्यात, एक हमरस्त्यावर, दोन मात्र बरोबर वाटताहेत. फोन बंद-चालू करून झाला, अॅप काढून परत टाकलं. फरक शून्य. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा, प्लीज.

नकाशावेडा
कुठलं अॅप? बिंदू हाताने भरलेत की फाइल उतरवली? डब्यांची चिन्हं कोणती? निळं प्रश्नचिन्ह असेल तर जाहीर केलेला बिंदू सहसा खरा नसतो. कोडं सुटलं की खरा मिळतो, साधारण तीन किलोमीटरच्या आत.

सुपातला_दाणा
फोनवर जिओकॅशिंग करूच नये. बटणांचा हॅन्डहेल्ड, म्हणजे हातात धरायचा वेगळा जीपीएस घ्या, हातमोज्यांसकट चालतो. त्यात लिथियमचे डबल ए सेल घाला, चार्ज न होणारे. साधे अल्कलाइन शून्याखाली लवकर बसतात.

होकायंत्र_८
सेलचं बरोबर आहे, पण इथे ते लागू नाही. बिंदू घरबसल्या नकाशावर चुकताहेत, त्यात उपग्रहाचा संबंधच येत नाही.

कातळशिल्प
अमेरिकन लष्कर नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळतं. शंभर मीटर इकडेतिकडे होणारच.

होकायंत्र_८
ते मे २००० च्या सुरुवातीला बंद झालं. म्हणून तर हा खेळ जन्माला आला: ३ मे २००० ला ओरेगनमध्ये पहिला डबा लपवला गेला. आज उघड्यावर फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर दाखवतो, दाट सूचिपर्णी झाडीत दहा धरा.

वाटाड्या_मुलुख
टिटिसेला मुक्काम असेल तर हॉटेलात कोनुस कार्ड मागून घ्या. बस आणि स्थानिक रेल्वे फुकट. गाडी न्यायची गरज नाही.

पाचोळा
कार्डाबद्दल आभार, पण आधी बिंदू! खातं फुकटचं आहे, त्यामुळे अॅपात मोजकेच डबे दिसतात. म्हणून वेबसाइटवरून एक्सेलमध्ये उतरवले, तिथून गूगल मॅपवर. दहा हिरवे, म्हणजे साधे, आणि एक निळं प्रश्नचिन्ह.

नकाशावेडा
एका हिरव्याची मूळ ओळ आणि तुम्ही मॅपवर भरलेली ओळ, दोन्ही जशाच्या तशा द्या.

पाचोळा
टिटिसेजवळच्या हिंटरत्सार्टन गावाकडचा एक.
मूळ: उत्तर ४७° ५४.४५०, पूर्व ००८° ०६.२१०
भरलेलं: ४७ अंश ५४ मिनिटं ४५.० सेकंद, ८ अंश ०६ मिनिटं २१.० सेकंद

नकाशावेडा
सापडलं. टिंबानंतरचे आकडे सेकंद नाहीत, मिनिटाचे हजारावे भाग आहेत. ५४.४५० म्हणजे ५४ मिनिटं २७ सेकंद. तुम्ही ४५ भरलेत, म्हणून बिंदू ५५६ मीटर उत्तरेला सरकला आणि पूर्वेला साधारण १७४. शेवटचे तीन आकडे जितके मोठे तितकी चूक मोठी: उत्तरेला प्रत्येक आकड्यामागे सव्वा मीटर, तुमच्याकडे पूर्वेला त्याच्या दोनतृतीयांश. ज्यांचे आकडे ०३० वगैरे आहेत ते चाळीसेक मीटरच हलतात, म्हणून दोन बरोबर वाटले. चूक कायम उत्तर-पूर्वेलाच जाईल, पडताळून बघा. एक विचारतो, काही बिंदू मॅपने घेतलेच नाहीत का?

पाचोळा
हो! तीन. ते सांगायचंच राहिलं, मला वाटलं नेट गेलं होतं.

नकाशावेडा
त्यांचे शेवटचे आकडे ६०० किंवा वर असणार. सेकंद साठ झाले की मॅप नाकारतो.
आता मॅपच्या शोधपेटीत इंग्रजी आकड्यांत असं भरा: ४७ ५४.४५०, ८ ६.२१०. अंश, मोकळी जागा, मिनिटं, स्वल्पविराम. बाकी खुणा नकोत. किंवा मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवा: ४७.९०७५, ८.१०३५. एक्सेल जर्मन सेटिंगचं असेल तर जपा, तिथे दशांशाला स्वल्पविराम असतो आणि टिंब हजाराचं. ५४.४५० चे चोपन्न हजार होतात. तो रकाना आधी मजकूर म्हणून ठरवा.

होकायंत्र_८
एवढा खटाटोप कशाला? अँड्रॉइडवर सी:जिओ हे अॅप घ्या, फुकट खात्यावर चालतं. डबे आणि नकाशा दोन्ही शुक्रवारी रात्री घरच्या वायफायवर साठवून ठेवा. दरीत नेट भरवशाचं नसतं.

सुपातला_दाणा
आणि आयफोनवाल्यांनी? सी:जिओ तिथे नाही. हॅन्डहेल्डला हा प्रश्नच येत नाही.

होकायंत्र_८
सहाजणांत एक अँड्रॉइड पुरे. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, जोडीला पॉवर बँक. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनही एकदम मिटते.
पाचोळा, बर्फाचा विचार केलाय का? हिमकणाची खूण (हिवाळ्यातही सापडण्याजोगा) असलेलेच डबे ठेवा. शिवाय डिसेंबरनंतर कुणाला सापडल्याची नोंद आहे का ते बघा. मुळांत, दगडांखाली लपवलेले गुडघाभर बर्फात मिळत नाहीत. झाडाला टांगलेले, चुंबकाने चिकटवलेले निवडा. पेन गोठतं, पेन्सिल न्या. बोटभर डब्यातली नाव नोंदवायची कागदी गुंडाळी काढायला चिमटा लागतो, हातमोज्यांनी निघत नाही. झाकण अडकलं तर तळहातांत धरून ऊब द्या. सुरीने उचकटू नका, गारठलेलं प्लास्टिक तडकतं. गरम पाणीही नको, आत जाऊन पुन्हा गोठतं. निघताना डब्याच्या पुढेही चालून या, नाहीतर तुमच्या पावलांचा माग कुणालाही थेट डब्यापाशी नेईल.
अकरा होणार नाहीत. सहा-सात धरा. जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दरीत त्याआधीच काळोख.

रानजाई
यादीत गुहा किंवा जुना बोगदा असेल तर काढून टाका. वटवाघळांचा हिवाळी मुक्काम असतो, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च तिथे शिरायला जर्मनीत कायद्याने बंदी आहे. मधेच जागी झाली की साठवलेली चरबी संपते आणि वसंतापर्यंत तगत नाहीत.

कातळशिल्प
महाबळेश्वरला डिसेंबरात असंच करता येईल का? सॅटेलाइट मेसेंजर नेणार आहे.

रानजाई
तो भारतात आणू नका, उपग्रहावरून बोलणारं यंत्र परवान्याशिवाय बेकायदा आहे. विमानतळावरच अडकाल. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा.

पाचोळा
नकाशावेडा, बसले! दहाही हिरवे वाटेवर आलेत, तळ्यातला आता काठावरच्या रानात आहे. गुहेजवळचा एक काढला, तिघांना हिमकण नाही म्हणून तेही गेले. हिरवे उरले सहा. निळ्याचं कोडं जर्मनमध्ये आहे, इथे टाकू का?

सुपातला_दाणा
टाका, बघू.

नकाशावेडा
टाकू नका. लपवणाऱ्याने कष्टाने रचलेलं असतं, उघड्यावर उत्तर फुटलं की तो डबा सगळ्यांसाठी वाया गेला. आधी पानावरची सूचना उलगडून वाचा, अक्षरं तेरा-तेरा घरं सरकवलेली असतात. तरी अडलंच तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुठे अडलंय तेवढंच लिहा.