चालण्याचे अनुभव: तुम्ही कुणाबरोबर चालता?

मंडळी, गुडघ्यांसाठी रोज चाला असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला तीन वर्षं झाली. एकटी होते तोवर पाऊस, पाहुणे, झोप, सगळी कारणं चालली. शेजारच्या वहिनी खालून हाक मारायला लागल्या तेव्हापासून पर्वती चुकलेली नाही. पहिला महिनाभर मी पायऱ्यांवर चारदा बसायचे, त्याही शेजारी बसायच्या. तुमचे अनुभव लिहा. पायांचं काय झालं तेही लिहा, नव्या माणसाला उपयोग होतो.

* * *

वय ५८. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चाललो, तीसेक किलोमीटर. एकादशी होती, रस्त्याकडेला केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटत होते. हडपसरपर्यंत भजनात कळलंच नाही. दिवे घाट लागला आणि पोटऱ्या भरून आल्या. नवे बूट घातले होते, तीच चूक. कठड्याशी बसून बूट काढले, टाच लालभडक. मराठवाड्यातल्या एक मावशी चालत होत्या, डोक्यावर तुळस, पायांत साधी स्लीपर. त्या थांबल्या, तुळस खाली ठेवली, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. "माउली, पाय द्या इकडं." मला फार संकोच वाटला, त्या माझ्याहून वडील. पण त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही तळव्यांना तेल चोळलं आणि मोजा उलटा घालायला लावला, शिवण बाहेर. मी त्यांच्या पाया पडलो, तर त्या माझ्या पडल्या. सासवडपर्यंत फोड आला नाही. त्यांचं गाव विचारायचं राहिलं, ते आजही मनाला लागून आहे.

* * *

मला मधुमेह आहे. जेवल्यावर पंधरा मिनिटं सोसायटीतच फेऱ्या मारतो, जेवणानंतरची साखर त्याने खरंच आटोक्यात राहते. दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, दवाखान्यातून नाही.

* * *

पन्हाळा ते पावनखिंड, मुलीबरोबर, जुलैत. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. मसाई पठारावर धुकं इतकं की पुढच्याची पाठपिशवीच तेवढी दिसायची. भाताच्या खाचरांत पाय पोटरीपर्यंत रुतले, तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, हे लोक रात्री पालखी घेऊन कसे पळाले असतील?" १२ जुलै १६६० ची रात्र मी पुस्तकात किती वेळा वाचली असेल. ती कळली त्या चिखलात.

* * *

मी नेदरलँड्समध्ये असते. नायमेखनला दर जुलैत चार दिवसांची पदयात्रा असते, १९०९ पासूनची परंपरा. वयानुसार रोज तीस, चाळीस किंवा पन्नास किलोमीटर. मी तिसाची केली. गावागावांत लोक खुर्च्या टाकून बसतात, काकडीच्या फोडी हातावर ठेवतात, पोरं टाळी द्यायला हात पुढे करतात. मला सारखी आजीची दिंडी आठवत होती. शेवटच्या दिवशी चालणाऱ्यांना ग्लॅडिओलसची फुलं देतात. अनोळखी आजोबांनी माझ्या हातात दांडा दिला आणि मी रस्त्यातच रडले.

* * *

हे सगळं वहिनींना वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी सासवडला जायचं का, म्हणाल्या. मी हो म्हटलंय. बूट की स्लीपर, एवढं कुणीतरी सांगा.