कॅमशाफ्ट मूळचाच, मग ही उसनी धडधड कशासाठी?

टॅपेट
“मूळ कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, हातही न लावता फक्त ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, मॅप (त्यातली आकडेसारणी) बदला आणि अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही शर्यतीच्या गाडीसारखे धडधडणारे आयडल मिळवा, इंजिनाला काडीचाही अपाय होत नाही,” असे निशाचर यांनी ‘घोस्ट कॅम’विषयी काल छातीठोकपणे लिहिले. ते वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

मोठ्या कॅमची धडधड हा इंजिनावर चढवलेला दागिना नव्हे. ओव्हरलॅप (इनटेक व एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढवला की वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेते आणि त्याची किंमत आयडलला मोजावी लागते. जळका वायू इनटेकमध्ये उलटा शिरतो, ताजे मिश्रण बाटते, एक स्फोट जोरकस होतो तर पुढचा अर्धवट राहतो. घोस्ट कॅममध्ये, म्हणजे मॅपने आणलेल्या नकली धडधडीत, यातले काहीच घडत नाही. तेथे आयडलचा आरपीएम खाली आणतात, इग्निशन टायमिंग मागे ओढतात, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतात, आणि आरपीएम घसरताच टायमिंग पुढे ढकलणारी दुरुस्ती इतकी तिखट करून ठेवतात की इंजिन दर वेळी लक्ष्य ओलांडते व पुन्हा मागे खेचले जाते. धडधाकट माणसाने लंगडण्याचा सराव करावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

निशाचर
सोंग आहे हे मी कधी नाकारले? पण सोंगाने पिस्टन फुटत नाही. आयडलला इंजिनावर भार नसतो आणि टायमिंग मागे नेल्याने नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी स्फोट) होत नाही, उलट टळते. माझा मूळ मॅप जपून ठेवलेला आहे, तो कधीही परत टाकता येतो. आपला कॅम बदलायचा तर इंजिन उघडावे लागेल. शिवाय, आपण सायलेन्सर मोकळा करून घेतलात, त्याने आयडलला किती अश्वशक्ती वाढली तेही एकदा सांगून टाका.

डिपस्टिक
पिस्टन फुटत नाही हे मान्य, परंतु धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काय? टायमिंग मागे गेले की एक्झॉस्टचे तापमान वाढते. त्यात मिसिंग (मिसफायर, म्हणजे मिश्रण न पेटणे) सुरू झाले की न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे कळवतो, ईसीयू आणखी पेट्रोल ओतते आणि ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. माझ्या गाडीतून काढलेली सिरॅमिकची जाळी मी हातात धरून पाहिली आहे. मधमाशांच्या पोळ्यावर तापलेली सळई फिरवावी तशी तिची अर्धी बाजू वितळून बुजली होती.

माझा खरा राग मात्र त्या ट्यूनरवर आहे. क्रँकशाफ्टच्या वेगातल्या चढउतारांवरून ईसीयू मिसफायर ओळखते, त्यामुळे या डुलणाऱ्या आयडलला पी0300 ची, म्हणजे मिसफायरच्या दोष-कोडची, नोंद होऊ लागली, तेव्हा त्याने मला न विचारता ती नोंदच बंद करून टाकली. पुढे ठिणगी देणारी एक कॉइल खरोखर मेली, आणि चेक इंजिनचा दिवा शेवटपर्यंत लागला नाही.

सेकंड गिअर
आवाजावर इतके लिहिले जात आहे आणि ब्रेकचा विचार कोणीच करत नाही, याचे आश्चर्य वाटते. माझ्या गाडीत खरा कॅम आहे, लोब सेपरेशन (इनटेक व एक्झॉस्टच्या लोबांमधला कोन) 108 अंश. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. पूर्वी आयडलला गेज 19 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवत असे, आता जेमतेम 10 दाखवतो. एका उतारावर वाहनांच्या रांगेत सरपटत असताना तिसऱ्यांदा ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखे घट्ट झाले होते. दोन्ही पाय रोवून गाडी थांबवली तेव्हा पुढच्या गाडीच्या बंपरपासून वीतभर अंतर उरले होते.

निशाचर
हा दोष खऱ्या कॅमचा. माझ्या सोंगाची बाजू इतक्या समर्थपणे मांडल्याबद्दल आभार.

सेकंड गिअर
आभाराची घाई करू नका. टायमिंग मागे नेले की टॉर्क घटतो, तो भरून काढण्यासाठी थ्रॉटल (हवेची झडप) अधिक उघडावा लागतो, आणि थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम पडलाच. आपल्या गाडीत तो किती पडतो, हे आपण कधी मोजले आहे काय?

टॅपेट
व्हॅक्यूमची टाकी बसवली की हा प्रश्न मिटतो. त्यासाठी एवढे घाबरवण्याचे कारण नाही.

सेकंड गिअर
टाकी व्हॅक्यूम साठवते, निर्माण करत नाही. इंजिनच 10 इंच देत असेल तर टाकीतही 10 इंचच भरतील.

टॅपेट
चुकीचे आहे. धावत्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद थ्रॉटलमागे व्हॅक्यूम चांगला चढतो आणि हवा एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह तो टाकीत अडकवून ठेवतो. इतकी प्राथमिक गोष्ट कॅम बदलण्यापूर्वी समजून घ्यायला हवी होती.

सेकंड गिअर
सरपटणाऱ्या रांगेत अ‍ॅक्सिलरेटर सोडून टाकी भरावी इतका वेग कोठून आणावा, तेही कृपया समजावून सांगा. मी टाकीही बसवली होती. तिने मला पेडलचे आणखी दोन दाब दिले, बाकी काही नाही. अखेर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवला तेव्हा ब्रेक पूर्ववत झाले. पुस्तकी ज्ञान उतारावर कामाला येत नाही.

टॅपेट
सरपटत्या रांगेपुरते आपले म्हणणे मान्य करतो. स्वर थोडा खाली आणलात तर उरलेलेही मान्य करणे सोपे जाईल.

निशाचर
आपले भांडण चालू असताना मी गेज मागून आणून लावला. मूळ मॅपवर काटा 20 इंचांवर स्थिर होता. घोस्ट कॅमवर तो 14 ते 17 च्या मध्ये डुलतो. ब्रेकला एवढे पुरते, तरी आकडा मी समजत होतो त्याहून खाली आला, हे लिहून ठेवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स डीमध्ये (पुढे जाण्याच्या स्थितीत) असताना ब्रेकवर पाय ठेवूनही गाडी लाटेसारखी पुढे रेटते, हे मी आतापर्यंत सांगितले नव्हते. म्हणून यापुढे हा मॅप फक्त उभ्या गाडीत लावीन. टॅपेट यांचे एवढ्याने समाधान होणार नाही, याचाही आनंद आहेच.

टॅपेट
समाधान झाले नाही. केवळ उभ्याने लंगडायचे ठरवलेत, इतकाच फरक पडला.

डिपस्टिक
गेज लावलात हे उत्तम झाले. पण आपल्या मॅपमध्ये पी0300 ची नोंद चालू आहे की बंद, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.