सोसायटीतली चर्चा: बाबांना उद्या हॉस्पिटलमधून घरी सोडतायत, तयारी काय करू?

डी-५०२: स्ट्रोकनंतर उजवी बाजू अजून हलत नाही. नाकात राइल्स ट्यूब (पोटात पातळ अन्न, म्हणजे फीड, द्यायची नळी), शिवाय कॅथेटर (लघवीची नळी). सिस्टरनी तोंडी सांगितलंय सगळं.

ए-१०३: ताई, तोंडी सांगितलेलं पुरत नाही. संध्याकाळच्या फीडला वॉर्डात जा, सिस्टरसमोर स्वतः देऊन बघा. पाठ ३० ते ४५ अंश वर हवी, फीडनंतरही तासभर तशीच. आडवं ठेवून दिलं तर फीड उलटून फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. ट्यूबवर नाकपुडीशी मार्करने खूण करून घ्या. खूण सरकलेली दिसली तर थेंबसुद्धा द्यायचा नाही.

डी-५०२: थोडीशीच बाहेर आली तर आत सरकवायची का?

ए-१०३: अजिबात नाही! श्वासनलिकेत जाऊ शकते. डॉक्टरांना फोन करा.

सी-२०४: ट्यूब चोंदते ती बहुतेक गोळ्यांच्या चुऱ्याने नाहीतर न गाळलेल्या पेजेने. प्रत्येक गोळी वेगळी कुटा, पाण्यात कालवून द्या. आधी आणि नंतर ३० मिली पाणी (पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर विचारून). ५० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढलेली. फीड आपोआप उतरू दे, ढकलू नका. नावापुढे एसआर किंवा ईआर असलेली (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटायची नाही, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या.

बी-७०१: बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, टाळायला एअर बेड भाड्याने मिळतो. पंप चोवीस तास चालू ठेवा आणि वर गादी घालू नका, हवेचा उपयोग संपतो. तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा टेकत नाहीत. माकडहाडावरचा लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर बेडसोर सुरू झालाय. तिथे तेल लावून चोळू नका, आपल्याकडे हमखास चोळतात.

ए-१०३: वळवताना उजवा हात धरून ओढू नका, लुळा खांदा निखळतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका.

डी-५०२: बाबांना सांभाळायला ब्युरोतून मावशी येणार आहेत.

सी-२०४: फीड आणि कॅथेटर येतं का ते आधीच विचारा. आणि घरातल्या जुन्या गोळ्यांचा डबा डिस्चार्ज कार्डासोबत डॉक्टरांना दाखवा. ब्रँड वेगळा, औषध तेच, असं होऊन बीपीची गोळी दोनदा जाते.

सेक्रेटरी: डी विंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला बसतं करून न्यायची खुर्ची आणायला सांगा. किती वाजता येताय ते कळवा, वॉचमन गेटजवळची जागा धरून ठेवेल.